फुफ्फुसातली गुठळी : खर्च विचारण्याआधी धोका विचारा

पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली की एकाएकी धाप लागते, छातीत दुखतं, कधी माणूस उभ्या उभ्या कोसळतो. कॅज्युअल्टीत नातेवाइकांच्या कानावर ‘पल्मनरी एम्बोलिझम’ हे शब्द पडतात आणि पाठोपाठ डिपॉझिटचा आकडा. पैशांची जुळवाजुळव सुरू करतानाच डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : पेशंट कमी, मध्यम की जास्त धोक्याच्या गटात आहे? पुढचं बहुतेक बिल या उत्तरावर ठरतं.

हा गट अंदाजपंचे ठरत नाही. त्यासाठी २००५ पासून ‘पेसी’ नावाचा स्कोअर आहे. पुढच्या ३० दिवसांत जिवाला किती धोका आहे, हे तो अकरा गोष्टींवरून सांगतो. जितकं वय तितके गुण. पुरुष असल्यास १०, कॅन्सरचे ३०, हार्ट फेल्युअर आणि फुफ्फुसाचा जुना आजार यांचे प्रत्येकी १०. नाडी ११० किंवा त्याहून जास्त असेल तर २०, वरचं बीपी १०० च्या खाली गेलं तर ३०, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर २०, रुग्ण भ्रमात किंवा गुंगीत असेल तर तब्बल ६०. श्वासाची गती आणि तापमान यांचेही गुण असतात. समजा, ६२ वर्षांच्या बाई आहेत, बाकी सगळं ठीक आहे. त्यांचा स्कोअर ६२, म्हणजे सगळ्यात खालचा गट. इथे मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याच बाईंची नाडी ११८ आणि ऑक्सिजन ८७ असेल तर स्कोअर १०२ होतो आणि गट तिसरा, म्हणजे मध्यम धोक्याचा. १२५ च्या वर गेलेल्यांत हे प्रमाण १० ते २४ टक्के आढळलं आहे. ही टक्केवारी अनेक रुग्णांवरून काढलेली असते, एकट्या माणसाचं काय होईल ते तिच्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच टूडी एको किंवा सीटीत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसतो का, तेही बघतात आणि गरजेप्रमाणे रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात.

आता खर्च. दर शहरानुसार आणि हॉस्पिटलनुसार बदलतात, तरी खासगीत डी-डायमर ही रक्ततपासणी साधारण हजार-दीड हजार, टूडी एको दीड ते तीन हजार आणि निदान पक्कं करणारा सीटी अँजिओ पाच ते बारा हजार धरून चाला. आयसीयूचा दिवस दहा-पंधरा हजारांपासून पुढे. कमी धोक्याच्या, घरी लक्ष द्यायला माणूस असलेल्या रुग्णाला लवकर घरी सोडून गोळ्यांवर ठेवता येतं, हे युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. अशा रुग्णाला आयसीयूत ठेवलं असेल तर कारण विचारणं हा तुमचा हक्क आहे.

सगळ्यात मोठा आकडा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. टेनेक्टेप्लेज किंवा अल्टेप्लेज कित्येक हजारांत जातं. जुनं स्ट्रेप्टोकायनेज बरंच स्वस्त. बीपी कोसळलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी हे इंजेक्शन सांगितलं तर घासाघीस करण्यात एक मिनिटही घालवू नका. मध्यम गटात मात्र गोष्ट वेगळी. २०१४ च्या ‘पेइथो’ अभ्यासात अशा रुग्णांना टेनेक्टेप्लेज दिल्यावर प्रकृती ढासळण्याचं प्रमाण घटलं, पण मोठा रक्तस्राव आणि पक्षाघात वाढले. त्यामुळे बीपी टिकून असेल तर ‘महागातलं द्या’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

पैशांची सोय पहिल्याच दिवशी बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा. धर्मादाय रुग्णालय असेल तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेल्यांना मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असलेल्यांना सवलतीच्या खाटा राखीव असतात. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. मेडिक्लेम असल्यास कॅशलेसचा अर्ज लगेच भरायला लावा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीने त्यावर तासाभरात निर्णय द्यायचा असतो.

घरी आल्यावर खर्च थांबत नाही. रक्त पातळ ठेवणारं औषध किमान तीन महिने घ्यावं लागतं. रिव्हारोक्साबान असेल तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅमची गोळी दोनदा, नंतर २० ची एकदा, तीही जेवणासोबत. म्हणजे ९० दिवसांना १५ च्या ४२ आणि २० च्या ६९ गोळ्या. याच औषधाचे दर कंपनीनुसार कित्येक पटींनी बदलतात, म्हणून ब्रँड बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा आणि जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. वॉरफेरिनची गोळी काही रुपयांची, पण त्याला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी वरचेवर लागते आणि दर वेळचे दोनशे ते पाचशे रुपये हिशेबात धरावे लागतात. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात.

महिन्याचा खर्च झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते औषध बदलून देतील. पैसे नाहीत म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या औषधाने गुठळी पुन्हा होऊ शकते.