लायब्ररी कोण बोलावतं

अमरावतीत मी सी आणि लिनक्स शिकवतो. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूरहून मुलं येतात. प्रोग्राम 'मेन'पासून सुरू होतो, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटत असतं. लोड होणारी शेअर्ड लायब्ररी वाटेत अडवून दाखवली की हा समज लगेच सुटतो. ती अडवताना जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. आधी नुसतं पाहा. एक ओळही लिहिण्यापूर्वी 'एलडी_डीबग=लिब्स' लावून प्रोग्राम चालवा. कोणती लायब्ररी कुठे कुठे शोधली, ते लोडर स्वतःच छापतो. क्रम असा: रनपाथ नसेल तर आरपाथ, मग एलडी_लायब्ररी_पाथ, मग रनपाथ, मग एलडी.एसओ.कॅश आणि शेवटी ठरलेले फोल्डर. पहिल्यांदा ती यादी पाहून एक मुलगी म्हणाली, "सर, हे तं मी लिवलंच नाई कुठी!" पुढचं सगळं शिकवणं या आश्चर्यावरच उभं राहतं.

२. चालू प्रोग्राममध्ये लायब्ररी आत घेणारं 'डीएलओपन' अडवणं सोपं आहे. त्याच नावाचं आपलं फंक्शन, म्हणजे रॅपर, लिहायचं, त्याची शेअर्ड लायब्ररी करायची आणि ती एलडी_प्रीलोडने सगळ्यांच्या पुढे बसवायची. मूळ फंक्शनचा पत्ता 'डीएलसिम'ला 'आरटीएलडी_नेक्स्ट' देऊन मिळतो. जीलिबसी २.३४ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, डीएल लायब्ररी मुख्य लायब्ररीतच आली. जुन्या लॅबमधल्या मशीनवर मात्र ती लिंक करताना वेगळी सांगावी लागते.

३. याचा सगळ्यात चांगला उपयोग मला मराठी टायपिंगसाठी झाला. एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आयबस या इनपुटच्या सोयीतून इन्स्क्रिप्ट मांडणीने सगळीकडे मराठी उमटायची. बाहेरून उतरवलेल्या एका प्रोग्राममध्ये मात्र इंग्रजी अक्षरंच यायची. तो प्रोग्राम जीटीके ३ वर बांधलेला होता. जीटीके आपल्या इमॉड्यूल्स.कॅश या यादीत इनपुटचं मॉड्यूल शोधतं आणि मग 'डीएलओपन'ने ते आत घेतं. आमच्या रॅपरमध्ये बाकीची मॉड्यूलं दिसली, पण आयएम-आयबस.एसओ मागितलंच गेलं नव्हतं. मागून सापडलं नसतं, तर दोष फाइलच्या जागेत असता. मागणीच झाली नाही, म्हणजे दोष यादीत. आणि तसंच निघालं: प्रोग्रामने स्वतःची जीटीके सोबत आणली होती आणि तिच्या यादीत आयबसचं नावच नव्हतं. त्याच प्रोग्रामची डिस्ट्रोच्या भांडारातली प्रत बसवली. ती मशीनवरची जीटीके वापरते. रॅपरमध्ये मॉड्यूलचं नाव आलं आणि पडद्यावर देवनागरी.

एवढ्या खटाटोपापेक्षा रोमनमध्ये लिहायला काय हरकत आहे, असं मला कोणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. आपल्या भाषेत लिहिता न येणं हा बग आहे आणि तो बगासारखाच शोधायला हवा.

एक लक्षात ठेवा: कीबोर्डची मांडणी ठरवणारं आयबसचं एम१७एन इंजिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. ते या रॅपरमध्ये शोधू नका.

४. रॅपरला सगळं दिसत नाही. लिंक करतानाच नोंदवलेल्या लायब्ररी लोडर 'मेन'च्या आधी आणतो, त्यासाठी तो 'डीएलओपन'कडे जात नाही. वापरकर्त्याचं नाव शोधताना किंवा अक्षरांचं एन्कोडिंग बदलताना जीलिबसी स्वतःची मॉड्यूलं आतल्या वाटेने उघडते, तेही निसटतं. स्टॅटिक बांधलेल्या प्रोग्रामवर तर एलडी_प्रीलोडचा काहीच परिणाम नाही.

५. रॅपरमुळे वागणूक बदलते, आणि हे फार थोडे लोक सांगतात. कोणत्या लायब्ररीने हाक मारली, हे 'डीएलओपन' परतीच्या पत्त्यावरून ओळखतं आणि तिचा रनपाथ वापरतं. मध्ये रॅपर आला की हाक मारणारा तोच ठरतो. नुसत्या नावाने मागितलेलं प्लगइन मग सापडत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे, रॅपरची शेवटची कृती मूळ फंक्शनला बोलावणं एवढीच असेल, तर 'ओ२'वर कंपाइलर बहुधा तिथे साधी उडी घालतो. परतीचा पत्ता मूळ लायब्ररीचाच राहतो आणि सगळं चालतं. मग निकाल छापायला पुढे एक ओळ वाढवली की प्लगइन गायब! कोड तोच, प्लगइन तेच, वाढली फक्त छापण्याची ओळ.

६. म्हणून नीट काम करायचं तर एलडी_ऑडिट. ही सोय मूळची सोलारिसची. लोडर प्रत्येक शोधाच्या वेळी आपल्या 'एलए_ऑब्जसर्च'ला विचारतो: हे नाव, या मार्गाने, शोधू का? आपण तेच नाव परत द्यायचं, वेगळा मार्ग द्यायचा किंवा नल देऊन तो मार्ग टाळायला सांगायचं. चौथ्या मुद्द्यात निसटलेल्या लायब्ररीही इथे सापडतात, स्टॅटिक प्रोग्राम तेवढे सोडून. हाक मारणारा बदलत नाही, म्हणून रनपाथही शाबूत राहतो. 'एलए_व्हर्जन' लिहावंच लागतं. ऑडिटची लायब्ररी वेगळ्या नेमस्पेसमध्ये, जीलिबसीच्या स्वतंत्र प्रतीसह बसते, त्यामुळे प्रोग्रामचे ग्लोबल व्हेरिएबल तिथून सहज हाती लागतील अशी अपेक्षा धरू नका. अल्पाइनच्या मसल लायब्ररीत एलडी_ऑडिट नाही. तिथे प्रीलोडवरच भागवावं लागतं.

७. हेच हत्यार चोराच्या हातीही असतं. सेटयूआयडी प्रोग्राममध्ये लोडर हे पर्याय जवळजवळ बंद करतो, ते त्यासाठीच. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतला चोरदरवाजा उघड केला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, यासारख्या शंकांवरून त्यांनी शोध घेतला होता. त्या कोडने लोडरच्या ऑडिट यंत्रणेतच शिरकाव केला होता आणि सही तपासणाऱ्या फंक्शनचं नाव जोडलं जाताना पत्ता बदलला होता. हा प्रसंग मी वर्गात सविस्तर सांगतो, कारण सहावा मुद्दा समजलेल्या मुलाला तो पूर्ण कळतो.

८. एलडी_प्रीलोड 'एक्सपोर्ट' करू नका. त्या टर्मिनलमधून निघणारी प्रत्येक प्रोसेस ते वारशाने घेते. ज्या प्रोग्रामला पाहायचं, त्याच्या आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत लिहा.