चकोराची पिले



आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने शरद ऋतूचे. पाऊस ओसरलेला असतो, आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखे लख्ख असते, आणि रात्री चांदणे पडते ते असे की अंगणातली सुईसुद्धा दिसावी. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या पहिल्याच अध्यायात, मुख्य कथेला हात घालण्यापूर्वी, ही कथा ऐकावी कशी ते त्यांनी श्रोत्यांना समजावले आहे, आणि त्यासाठी दृष्टांत घेतला तो याच ऋतूचा. शरदातल्या चंद्राच्या किरणांत अमृताचे बारीक कण असतात आणि चकोराची पिले ते हळुवारपणे वेचतात. श्रवण तसे करावे, असा त्या ओवीचा भाव आहे.

आता इथे थोडे थांबू. चकोर चांदणे पितो हा कविसंकेत फार जुना. संस्कृत काव्यात तो जागोजागी भेटतो. माउलींना नुसते 'चकोर' म्हणून भागले असते. त्यांनी पुढे 'तलग' हा शब्द जोडला. तलग म्हणजे पिलू. मोठा जाणता पक्षी सोडून पिलू का घेतले? पाठशाळेत आमच्या गुरुजींनी हा प्रश्न आम्हा पोरांना विचारला आणि उत्तर न सांगता पुढच्या ओवीला गेले. पुढे चाळीस वर्षे कीर्तने केली, ही ओवी कितीदा तरी म्हटली. पण घरात नातवंडे आली तेव्हा प्रश्न पुन्हा वर आला.

एक गोष्ट उघड आहे. पिलाची चोच लहान. तिच्यात एका वेळी एकच कण मावतो. मोठ्याला पोटभर हवे असते, आणि किती मिळाले याचा हिशेबही हवा असतो. आपण कीर्तनाला बसतो तेव्हा कान बुवांकडे आणि मन हिशेबाकडे असते. बुवा आज रंगले की नाही, पूर्वरंग लांबला का, प्रसाद कोणाकडून आहे, बारापर्यंत आटोपेल ना! पोरगे मात्र एकच कण उचलते आणि तोच तोंडात घोळवत बसते.

जाता जाता पक्ष्याविषयीही सांगतो. चकोर नावाचा खरा पक्षी हिमालयाच्या डोंगरउतारांवर राहतो. तो तित्तिराच्या कुळातला. दाणे, कोंब, किडे खातो, चांदण्यावर काही त्याचे पोट भरत नाही. पण त्याच्या पिलांची रीत ऐकण्याजोगी आहे. चिमणीची पिले घरट्यात आ वासून बसतात आणि आई भरवते. चकोराची पिले अंड्यातून निघाली की लवकरच आईच्या मागे तुरुतुरु चालू लागतात आणि आपले आपण टिपतात. आई पुढे चालते, टिपून दाखवते. माउलींच्या मनात हे होते असे मी म्हणणार नाही. ओवीवर आपल्या पदरचा अर्थ लादणे हा वक्त्याचा मोठा दोष आहे. तरी ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आमच्या नागपुराकडे शरदाची चाहूल लहान मुलींना आधी लागते. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर गणोबा. मातीची मूर्ती, पुढे महिनाभर रोज संध्याकाळी गाणी. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर करून तिला निरोप देतात. गाणी झाली की खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवते आणि विचारते, ओळखा काय आहे. आता सज्जनहो, श्रवण म्हणजे काय ते पाहायचे असेल तर त्या वेळी त्या पोरींचे चेहरे पाहावे. मघाशी आरडाओरडा करणाऱ्या दहा पोरी एकदम चिडीचूप. डबा खुळखुळतो. एक म्हणते फुटाणे, दुसरी म्हणते नाही, फुटाणे असे वाजत नाहीत, चुरमुरे आहेत. तिसरी, चार वर्षांची, म्हणते, "आणखी एक डाव हलवा ना जी!" पुन्हा ऐकण्याची ही मागणी शास्त्राच्या दृष्टीने फार मोठी. श्रवणाची आवृत्ती करावी असे सूत्रकार व भाष्यकार सांगतात, आणि इथे ती एका पोरीने लाह्यांसाठी केली. अलीकडे पुष्कळ घरांत भुलाबाई एका दिवसावर आली आहे. एक दिवस तरी बसवावी, आणि डबा मात्र मुलींना उघडून दाखवण्याची घाई करू नये.

कोजागिरीच्या रात्री कोण जागे आहे असे विचारीत लक्ष्मी फिरते, म्हणून जागरण. गच्चीवर दूध आटते. वैद्यकाच्या दृष्टीनेही याला अर्थ आहे. शरदात दिवसाचे ऊन तापते, पित्त खवळते, म्हणून थंड, मधुर आहार सांगितला आहे. (याच दिवसांत लहान मुलांना पडसे-खोकलाही होतो. तान्ह्या मुलाला दवात घेऊन मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर बसणे हे धर्मकृत्य नव्हे. त्याच्या वाटचे चांदणे खिडकीतून पाहावे.) त्याच दिवशी घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळण्याची चाल आहे, तिला आश्विनी म्हणतात. आमच्या घरी धाकटीने पाटावर बसकण मारून, "मी काहून नाही?" असे विचारले तेव्हा सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, निरांजन तेच, तबक तेच, दोघांनाही ओवाळा. थोरल्याचा मान त्याला आधी ओवाळून राहतो. शास्त्राला यात काही बाध येत नाही आणि पोर रडत झोपत नाही.

धाकटीने मग दुधाच्या पेल्यात चंद्र पाहिला. दूध हलले की चंद्र फुटे, स्थिर झाले की पुन्हा जुळे. आजूबाजूला आम्ही मोठी माणसे वेलदोडा कमी पडला का यावर बोलत होतो. तिने दूध प्यायला पाऊण तास लावला. आई म्हणाली, "अगं, संपव ना लवकर!" तेव्हा मला गुरुजींचा प्रश्न आठवला.

कोजागिरीपासून काकडा सुरू होतो, तो आमच्या विदर्भात कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. मुलांना काकड्याला न्यावे की नाही, यावर आईबाप मला नेहमी विचारतात. न्यावे, पण ओढून नेऊ नये. झोपेतल्या पोराला दंड धरून उठवले, थंड पाणी अंगावर ओतले आणि मंदिरात उभे केले, तर त्याच्या मनात देवाशी थंड पाण्याची गाठ कायमची बसते. आदल्या रात्री विचारावे, येतोस का? हो म्हटले तर पहाटे एकदा हाक द्यावी. उठला तर उठला. महिन्यात चार दिवस आपण होऊन आलेले पोर तीस दिवस फरपटत आणलेल्या पोरापेक्षा पुढे जाते, असा माझा अनुभव आहे.

आणि वाटेत घाई करू नये. पहाटे पाचच्या सुमारास या दिवसांत दक्षिणेला पाहावे. उंचावर व्याध झळकतो, आणि त्याच्या खाली, क्षितिजापासून थोड्याच अंतरावर, अगस्तीचा तारा. त्याच्या उदयाने पावसाचे गढूळ पाणी निवळते असे आपले आयुर्वेदाचे ग्रंथ मानतात. नातवाने विचारले, "आबा, तो इतका खाली काहून आहे?" मी त्याला विंध्याची गोष्ट सांगितली. अगस्ती दक्षिणेला निघाले, विंध्य नमस्काराला वाकला, मी परत येईपर्यंत असाच राहा म्हणाले आणि परत आलेच नाहीत. आणि हे अगस्ती आपले जावई बरं का! त्यांची पत्नी लोपामुद्रा विदर्भराजाच्या घरी वाढली, असे महाभारतात आहे. रुक्मिणीमाताही कौंडण्यपूरची, म्हणजे पांडुरंगही आपला जावईच. पोरगे थोडा वेळ चालले आणि म्हणाले, "मंग हे जावई दिवाळीला घरी काहून येत नाहीत?" मी साठी ओलांडलेला माणूस, व्याकरण-न्याय शिकलेला, मला उत्तर सुचले नाही. पण त्या दिवशी काकड्यात ते पोरगे देवाच्या मूर्तीकडे जसे टक लावून पाहत होते, तसे मी त्याला पूर्वी पाहिले नव्हते. घरचा माणूस दारात उभा असावा तसे.

आता जे सांगतो ते देवळांच्या पंचमंडळींनी आणि टाळकरी बंधूंनी मनावर घ्यावे. सभामंडपात पोरे चुळबुळ करतात, खांबाभोवती फिरतात, टाळाच्या दोऱ्या ओढतात. मग कोणी तरी डोळे वटारतो आणि "ए पोट्टे, बाहेर खेळा!" म्हणून त्यांना घालवतो. ती जातात. सहा वर्षांचे घालवलेले पोर सोळाव्या वर्षी बोलावून येत नाही. वर आपणच म्हणतो, तरुण मंडळी भजनाला दिसत नाहीत! चुळबुळणारे मूल ऐकत नाही हा समजच चुकीचा आहे. मी एकदा नामदेवरायांच्या नैवेद्याचे आख्यान लावले होते. एक मुलगा सबंध वेळ मागे बसून चपलांच्या जोड्या लावत होता. प्रसादाच्या वेळी जवळ आला आणि म्हणाला, "महाराज, ताट भरलेलं परत नेलं असतं तर आईनं त्याला मारलं असतं का?" सज्जनहो, मी या आख्यानात भावाचा महिमा सांगत आलो, देव जेवला हे सांगत आलो. पण कामगिरीवर पाठवलेल्या लहान मुलाच्या पोटात काय गोळा येतो, भरलेले ताट घेऊन घरी परतायचे कसे, हे मला कधी सांगायला सुचले नव्हते. त्या पोराने सबंध आख्यानातून तेवढा एकच कण टिपला होता. तेव्हापासून मी ते आख्यान त्या भीतीपासून सुरू करतो.

यावर कोणी म्हणेल, मुलांचे ठीक आहे, पण त्यांच्या पायी आमचे साधन बुडते त्याचे काय? हा प्रश्न थट्टेचा नाही. मागच्या कार्तिकात कीर्तन उठल्यावर एक तरुण बाई मंडपाच्या दारातच थांबली होती. कडेवर तान्हे, पदराला दुसरे. म्हणाली, "महाराज, माहेरी होते तेव्हा आईसंगं कार्तिकी चुकली नाही जी. आता तीन वर्षं झाली, पंढरी नाही की काकडा नाही. रात्रभर पोर जागवते, पहाटे डोळा लागतो. हरिपाठसुद्धा अर्धाच होतो. देव विसरला असंल मला." तिचे डोळे भरून आले होते. तिला मी काय सांगितले ते इथे मांडतो, कारण अशा बाया पुष्कळ आहेत आणि त्या विचारायलाही येत नाहीत.

चकोराच्या पिलांपाठोपाठ माउलींनी त्याच ठिकाणी कुमुदिनीचा दृष्टांत दिला आहे. कुमुदिनी म्हणजे रात्री उमलणारे कमळ. चंद्र आकाशात, ती तळ्यात. तिला देठ सोडून कुठे जाता येत नाही. तरी चंद्र उगवला की ती जागच्या जागी उमलते, आणि त्याच्या भेटीचे सुख तिचे तिलाच ठाऊक. ठाव न सोडता भेट, असा तो अर्थ. आता बाई, तुझा देठ हे पोर आहे. ते तोडून पंढरीला ये असे कोणता संत म्हणेल? पहाटे दूध पाजताना तोंडाने विठ्ठल म्हणता येते. अर्धा हरिपाठ झाला तर उरलेला अर्धा उद्या तिथूनच धरावा. त्याला खंड म्हणत नाहीत. आणि रात्रभर पोर जागवते म्हणालीस, तर कोजागिरीला आम्ही एक रात्र जागतो आणि पुण्य लागले म्हणतो. तू रोज जागतेस.

असेच विरहाचे एक प्रकरण आपल्या रामटेकाशी जोडलेले आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. त्या यक्षाचा शाप संपणार असतो तो विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या दिवशी, म्हणजे आपल्या कार्तिकी प्रबोधिनी एकादशीला. आणि पुढे शरदाच्या चांदण्यात भेटू, असा निरोप तो पत्नीला धाडतो. नामदेवरायांचा जन्मही शके ११९२ मधला, याच एकादशीचा मानतात. असो, विषय लांबतो आहे.

एकादशीविषयी दोन शब्द. लहान मुलांवर उपवास लादू नये. साबुदाण्याची आवड म्हणून ती आपण होऊन धरतात आणि दुपारी भात मागतात, तेव्हा भात द्यावा, "मोडलीस ना एकादशी!" म्हणून चिडवू नये. द्वादशीपासून तुळशीचे लग्न. उसाचा मांडव, बोरे, आवळे, चिंचा. अंतरपाट धरायला मुलांनाच उभे करावे, थोडा वाकडा होईना का. तुळशी कोणाची कोण, देव हिरवे झाड कसे वरतो, असे प्रश्न येतील. येऊ द्यावेत. पौर्णिमेच्या आत एक दिवस आवळीच्या झाडाखाली डबा नेऊन जेवावे. फार खर्चाचे काम नाही. पोळी-भाजी, ठेचा आणि आंबिया बहाराची नवी संत्री पुरे. पौर्णिमेला त्रिपुर पाजळला की काकडा पुरा होतो. त्या शेवटच्या पहाटे तरी टाळ मुलांच्या हाती द्यावेत. ठेका चुकेल, पखवाजी बुवांनी सांभाळून घ्यावे.

त्याच ठिकाणी माउलींनी आणखी एक दृष्टांत दिला आहे, तो भ्रमराचा. भ्रमर पराग नेतो आणि कमळाच्या पाकळीला पत्ताही लागत नाही. त्याचा विचार करायला या वेळी जागा उरली नाही. तो पुढच्या अंकी घेऊ.