खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दाखवा



प्रताप नगरजवळच्या एका वस्तीत महिलांची बैठक होती. बैठक संपल्यावर एका ताईने बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. "दीड वर्ष झालं. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून दाखवला नाही," ती म्हणाली. नर्स म्हणून नोकरी करतानाही हेच वाक्य मी कितीदा तरी ऐकले. खाजणारा डाग आपण लगेच दाखवतो. न खाजणारा राहून जातो, आणि तोच आधी तपासायला हवा.

नेहमी दिसणारे डाग

शिबं : छाती, पाठ, मानेवर फिकट किंवा तपकिरी डाग, बारीक कोंडा निघतो. ही बुरशी आहे, घामाने वाढते.

गजकर्ण : गोल, कडेने लाल, खूप खाज. दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टिरॉइड असते. खाज थांबते, पण बुरशी पसरत जाते. डॉक्टरांना दाखवूनच औषध लावा.

कोड : दुधासारखे पांढरे डाग, स्पर्श नीट कळतो. कोड एकाचे दुसऱ्याला लागत नाही.

लेकरांच्या गालावरचे फिकट डाग बहुधा कोरड्या त्वचेमुळे येतात. मोठ्यांची मान, काख काळसर व जाड झाली असेल, तर रक्तातील साखर तपासा.

बधिर चट्टा

चट्टा फिकट किंवा लालसर आहे, त्यावर घाम येत नाही, केस गळाले आहेत आणि स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्या. हातापायांना बधिरपणा, कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवया विरळ होणे हीसुद्धा लक्षणे आहेत.

घरी तपासायचे असेल तर डोळे मिटायला सांगा, कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. सुई टोचू नका, चटका देऊ नका. स्पर्श कळला तरी जुना चट्टा दाखवाच.

हा रोग पापाने, शापाने होत नाही. आईबापाकडून रक्तातून येत नाही. त्याचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी शोधला. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. औषध सुरू झाले की संसर्ग लवकरच थांबतो, म्हणून ताटवाटी वेगळी करू नका. घरातल्या सर्वांनी तपासणी करून घ्या. गोळीने लघवी लालसर झाली तर घाबरू नका. उपचार चालू असताना चट्टे सुजले, नसा दुखू लागल्या, तर गोळ्या बंद न करता लगेच दवाखान्यात जा.

उशीर झाला तर नसा निकामी होतात, बोटे वाकतात. तव्याचा चटका लागलेला कळत नाही, जखम चिघळते. गेलेली नस औषधाने परत येईलच असे नाही.

सासरचे सोडून देतील, या भीतीनेही बाया चट्टा लपवतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे : २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही.

त्याच दिवशी दवाखाना

- दाबल्यावर न मिटणारे लाल-जांभळे ठिपके. सोबत ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. डेंग्यू असू शकतो, प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन देऊ नका.
- नवे औषध घेतल्यावर अंगावर चट्टे, तोंडात फोड, डोळे लाल. औषधाची पट्टी सोबत न्या.

बाकी डागांसाठी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना सांगा. मेडिकल आणि मेयोत त्वचारोगाचा विभाग आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची गोष्ट आहे. गर्दी पाहून अन्न मिळेल म्हणून तो आला होता. भगवंतांनी त्याला दूर सारले नाही, धम्म सांगितला. आपल्या वस्तीतही कोणी दूर सारले जाऊ नये.

त्या ताईचा चट्टा कुष्ठरोगाचाच निघाला. औषध सुरू आहे, ती रोज कामाला जाते. आज आंघोळीनंतर घरातल्या प्रत्येकाची पाठ, दंड, मांड्या उजेडात पाहा.