प्रोग्रॅममधल्या खुणा : ठेवाव्यात की पुसाव्यात?

लोणी काळभोर हे सोलापूर रस्त्यावरचे गाव. येथील एखाद्या दुकानदाराने किंवा टँकरवाल्याने आपल्या धंद्यापुरता बिलाचा प्रोग्रॅम करून घेतला, आणि ऐन गर्दीत तो बंद पडला, तर काय होते? पडद्यावर एक अगम्य आकडा दिसतो. प्रोग्रॅमरला फोन केला, तर त्यालाही त्या आकड्यावरून काही कळत नाही. असे का होते, ते आज आपण पाहू.

सुतार कपाट करताना सांध्यांवर पेन्सिलीने खुणा करतो आणि शेवटी पॉलिश पेपर मारून त्या पुसतो. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. प्रोग्रॅमर सी सारख्या भाषेत ओळी लिहितो. कंपायलर त्यांचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. त्या वेळी कोणता आकडा कोणत्या ओळीतून आला, याची नोंदही ठेवता येते. जीसीसी या कंपायलरला '-जी' अशी सूचना दिली की ही नोंद तयार होते. नोंद असेल तर '२१२ व्या ओळीत सरासरी दर काढताना नग शून्य होते' इतके नेमके कळते. नसेल तर दिवसन् दिवस शोधत बसावे लागते.

मग खुणा सर्वांनीच का ठेवत नाहीत? कारणे दोन. एक, फाईल कित्येक पटींनी मोठी होऊ शकते. दुसरे, आतली नावे उघडी राहिल्याने परक्याला प्रोग्रॅमची रचना समजणे सोपे जाते. खुणांमुळे प्रोग्रॅम मंद चालतो हा मात्र बहुतांशी गैरसमज आहे. एरवी चालताना ही नोंद वाचलीच जात नाही. ती डिस्कवर जागा तेवढी अडवते.

मधला मार्ग आहे. गिऱ्हाइकाला खुणा पुसलेली प्रत द्यावी आणि खुणांची फाईल वेगळी जपून ठेवावी. विंडोजवर 'पीडीबी' फाईल हेच काम करते. डेबियन लिनक्सही अशा खुणा वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवते. अट एकच : खुणा त्याच प्रतीच्या हव्यात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा बिलांचे प्रोग्रॅम बदलावे लागले. अशा वेळी जुन्या प्रतीच्या खुणा नव्या प्रतीला लावल्या, तर भलतीच ओळ दाखवली जाते.

म्हणून प्रोग्रॅम करून घेताना व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात :

१. दिलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक असावा.
२. त्या क्रमांकाची मूळ लिखाणाची प्रत व खुणांची फाईल जपलेली असावी.
३. प्रोग्रॅमर गाव सोडून गेला, तर या दोन्ही गोष्टी कोणाकडे राहतील, ते करारात लिहिलेले असावे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. नवा माणूस आणला तरी त्याच्या हाती या दोन्ही गोष्टी नसतील, तर दुरुस्तीऐवजी नव्या प्रोग्रॅमचाच खर्च गळ्यात पडतो. खुणा पुसायला हरकत नाही. पण त्यांची वही हरवू देऊ नये.