पुस्तक अर्ध्यावर असताना आलेली नवी आवृत्ती

लिक्स या लेखन-जुळणीच्या प्रणालीची २.४ ही आवृत्ती २०२४ साली आली, तेव्हा आमचं पुस्तक अर्धंअधिक झालं होतं. उरलेली प्रकरणं यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा ठिकाणच्या संगणकांवर पसरलेली होती. पुसदच्या मॅडमना लेकीनं नवा लॅपटॉप घेऊन दिला आणि त्यावर साहजिकच ताजं लिक्स चढलं. मॅडमनी त्यात एक प्रकरण तपासलं, सेव्ह केलं, वणीच्या सरांना धाडलं. संध्याकाळी सरांचा मला फोन. "ताई, पुसदची फाइल उघडूनच नाही राहिली. काऊन?"

सरांच्या संगणकावर २.३ होतं. जुन्या लिक्समध्ये केलेली फाइल नवं लिक्स निमूट उघडतं आणि सेव्ह करताना तिला आपल्या नव्या साच्यात घालतं. जुन्या लिक्सला मात्र तो साचा कळत नाही. यात कुणाचीच चूक नव्हती. मॅडमनी फाइल पुन्हा उघडली, फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमध्ये जाऊन '२.३' हा पर्याय निवडला आणि सरांची अडचण मिटली. तेवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण उलट रूपांतरात एक गोम असते. नव्या आवृत्तीत असलेली आणि जुनीला ठाऊक नसलेली गोष्ट लिक्सच्या आतल्या टेक या यंत्रणेच्या उघड्या आज्ञांच्या स्वरूपात मजकुरात येऊन बसते. सरांनी ती लाल अक्षरातली इंग्रजी आज्ञा 'कचरा' समजून पुसली. छपाईच्या प्रतीत मग एक तक्ता विस्कटला आणि कारण शोधण्यात आठवडा गेला.

तेव्हा पहिलं सांगणं हे की अनेक जण मिळून लिहीत असाल तर आवृत्ती सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि बदलायची असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदला. लाल अक्षरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

लिक्स ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. माटियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्यानं १९९५ मध्ये ते सुरू केलं. पुढे केडीई हा लिनक्सवरचा प्रसिद्ध डेस्कटॉप प्रकल्पही त्यानंच उभा केला. डोनाल्ड कनूथ यांचं टेक आणि त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी रचलेलं लाटेक, ही अक्षरजुळणीची यंत्रणा लिक्सच्या पोटात आहे, पण आज्ञा पाठ न करता ती वापरता येते. वर्डमध्ये आपण मथळा ठळक करतो, मोठा करतो, मधोमध आणतो. लिक्समध्ये 'हा मथळा आहे' एवढंच सांगायचं, तो कसा दिसावा ते नंतर, एकाच जागी ठरतं. फुकट आहे, मुक्त आहे, आणि फाइल साध्या मजकुराची असल्यानं वीज गेली तरी बहुतेक मजकूर हाताला लागतो. भारनियमनाच्या गावात हा गुण लहान नव्हे.

आमचं पुस्तक लोकगीतांचं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे, म्हणजे लोकसाहित्याच्या जाणत्या अभ्यासक. त्या मंडपात आम्हा काही शिक्षकांच्या बोलण्यात विषय निघाला की जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्या, बंजारा गाणी, कोलाम पाड्यांवरची गाणी एकत्र आणावीत. मराठी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि कोलामी, तिन्ही देवनागरीत, खाली अर्थ आणि पाठभेदांच्या टिपा. संशोधक य. खु. देशपांड्यांच्या शारदाश्रम या संस्थेच्या गावात पाठभेदाशिवाय संकलन काढणं शोभलं नसतं. तळटीपा, आडवे संदर्भ, गाण्यांच्या पहिल्या ओळींची सूची हे सगळं वर्डमध्ये सांभाळता येईना, म्हणून लिक्सकडे वळलो.

मराठीसाठी लिक्स लावताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडखळतात. डॉक्युमेंट सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करायची, आणि फॉन्टच्या पानावर 'नॉन-टेक फॉन्ट वापरा' या चौकटीत खूण करायची. ती खूण नसेल तर लिक्स जुन्या पीडीएफलाटेककडे जातं, त्याला देवनागरी पेलत नाही, आणि चुकांची लांबलचक यादी पडद्यावर येते. खूण केली की काम झीटेक किंवा लुआटेककडे जातं आणि संगणकावरचा कुठलाही युनिकोड फॉन्ट चालतो. आम्ही आयआयटी मुंबईचा शोभिका घेतला. मुक्त आहे, जोडाक्षरं सुरेख आहेत.

भाषा मराठी करण्याला आणखी एक अर्थ आहे. काही देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची दोन-दोन रूपं असतात, एक हिंदी वळणाचं, एक मराठी. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात मराठीसाठी आपली वळणं ठरवून दिली आहेत. मजकूर मराठी आहे असं यंत्राला कळलं तरच फॉन्ट मराठी ल काढतो. नुसता फॉन्ट निवडून भागत नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियमही भाषेवरूनच लागतात.

आता ज्या जागी आमची खरी फसगत झाली ती जागा. गाण्यांच्या अर्थात आम्ही कोलामी शब्द तिरप्या अक्षरात घेतले होते. पडद्यावर ते तिरपे दिसत होते. पीडीएफमध्ये सगळे सरळ. चूक म्हणून काही दाखवलं नाही, नुसती एक सूचना, तीही शेकडो ओळींच्या नोंदीत बुडालेली. कारण साधं आहे. देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपरा नाही, बहुतेक फॉन्टांत ते रूपच नसतं, आणि रूप सापडलं नाही की टेक गुपचूप सरळ अक्षर वापरतं. मुद्रितं वाचणाऱ्या माणसाला कोणता शब्द कोलामी नि कोणता मराठी हे ओळखायला जागाच उरली नव्हती.

यावर फॉन्ट कृत्रिमरीत्या कलता करता येतो. एका ओळीची आज्ञा आहे. दिसतं वाईट. आम्ही दुसरा रस्ता धरला. डॉक्युमेंट सेटिंग्जमधल्या 'लोकल लेआउट' या पानावर आम्ही आपली स्वतःची अक्षरशैली नोंदवली, नाव दिलं 'कोलामी'. दुसरी 'गोरमाटी'. शब्द निवडायचा, शैली लावायची, संपलं. कोलामी शब्द कसे दिसावेत यावर आमच्यात पुढे बरेच वाद झाले (वणीच्या सरांना ठळक हवे होते, मला मुळीच नको होते), पण प्रत्येक वेळी बदल एकाच ठिकाणी केला आणि सगळं पुस्तक बदललं. आधीच्या तिरप्या शब्दांना मात्र एकेक करून शैली लावावी लागली. शेकडो पानं. त्यात तिरपा असलेला प्रत्येक शब्द कोलामी नव्हता, पुस्तकांची नावंही तिरपीच होती. म्हणून लिहायला बसण्याआधीच ठरवा की तुमच्या पुस्तकात कोणकोणत्या जातीचे शब्द वेगळे काढायचे आहेत, आणि प्रत्येक जातीला नाव द्या. बोलीभाषांवर काम करणाऱ्यांना हे मी हात जोडून सांगते.

२.४ मधली जी नवी सोय आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली तिनं नाव देण्याचं हेच महत्त्व उलट्या बाजूनं दाखवलं. या आवृत्तीतून डॉकबुक ५ या साच्यात आणि त्यावरून ईपबमध्ये पुस्तक काढता येतं. ईपब म्हणजे मोबाइलवर वाचायचं पुस्तक, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात. पाड्यावरच्या पोरांच्या हातात छापील पुस्तक जाईल न जाईल, मोबाइल आहेच. तेव्हा मोठ्या हौसेनं ईपब काढलं. काही प्रकरणांची अनुक्रमणिका नीट आली, काहींचे मथळे गायबच. ज्यांनी मथळ्याला 'सेक्शन' म्हटलं होतं त्यांचं सगळं उतरलं. ज्यांनी जुन्या सवयीनं साधा परिच्छेद घेऊन तो ठळक केला होता, त्यांचा मथळा ईपबमध्ये नुसती एक ठळक ओळ झाला. गाण्यांचंही तसंच. लिक्समध्ये पद्यासाठी 'व्हर्स' नावाची शैली आहे. ती न वापरता प्रत्येक ओळीपुढे मोकळी जागा ठोकत बसलेल्यांच्या ओव्या मोबाइलवर गद्य होऊन वाहू लागल्या. छापील पानावर हे दोन्ही प्रकार सारखेच दिसत होते, त्यामुळे तोवर कुणाला पत्ता नव्हता. पुस्तक छापायचंच असलं तरी पहिल्या प्रकरणानंतर एकदा ईपब काढून बघा. कुणी काय म्हणून काय लिहिलंय ते तिथे उघडं पडतं.

गाण्यांच्या सूचीचा घोळ वेगळा होता. लिक्स सूचीचं काम सहसा मेकइंडेक्स या जुन्या साधनाला देतं, आणि त्याला मराठी वर्णक्रमाचा गंध नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पाठीमागे बसवलेला आहे. त्यामुळे आमच्या यादीत 'काळी' आधी आणि 'काहूर' नंतर आलं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. देवनागरी समजणारं अपमेंडेक्स हे साधन टेकच्या संचात आहे. भाषेचा क्रम मराठी निवडला की काम होतं. ते लिक्सला जोडून देण्यासाठी कुणीतरी जाणता लागतो, पण एकदाच.

आणि दुसऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड. या शब्दांतला रफार नसलेला आडवा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी एक, शोध घेणाऱ्या यंत्राला दोन वेगळे शब्द. आमच्या काही ओव्या जुन्या डीटीपी फॉन्टांतून रूपांतर करून आल्या होत्या, काही नव्यानं टंकलेल्या. 'वऱ्हाड' शोधलं की निम्मीच गाणी सापडायची. सगळ्यांनी एकच पद्धत धरावी (नुक्त्याची धरा) आणि जुन्या फाइली पुस्तकात घेण्याआधी एकदा बदलून घ्याव्यात.

इंटरनेटचा एक मुद्दा. विंडोजवरचं मिकटेक, म्हणजे टेकचा संच, लागेल तसतशी पॅकेजं जालावरून ओढतं. यवतमाळात ठीक, झरी जामणीच्या एखाद्या गावी रेंज नसताना पीडीएफ काढायला बसलात तर ते मध्येच थांबतं आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकलं. गावी जाण्याआधी सगळी प्रकरणं एकदा शहरात चालवून घ्या, म्हणजे लागणारी पॅकेजं आधीच उतरलेली असतात. फाइलचं आणि फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मजकूर मराठी असू दे, फाइलच्या नावात मराठीचा अभिमान नको.

छापखान्याला आम्ही पीडीएफ दिली, झीटेकनं काढलेली. ती देण्याआधी त्यातली एक ओवी निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिली, तर वेलांट्या भलत्याच अक्षरांना लागलेल्या. छापायला त्यानं बिघडत नाही, पण पुढे हीच पीडीएफ ग्रंथालयांत जाणार आणि तिच्यात शोध घेणाऱ्याला काही सापडणार नाही. झीटेकमध्ये मूळ मजकूर पीडीएफच्या आत जसाच्या तसा ठेवण्याची आज्ञा आहे. 'लाटेक प्रीॲम्बल' या पानावर ती एक ओळ टाकली, पुन्हा पीडीएफ काढली, पुन्हा ओवी चिकटवून पाहिली. या वेळी नीट आली. मग पेनड्राइव्ह घेऊन वणीचे सरच छापखान्यात गेले.