सेवेआधी ओळख : सांस्कृतिक मानवशास्त्राचा पहिला पाठ



सुट्टीतील शिबिराआधी जुना जालन्यात मी महाविद्यालयीन मुलामुलींचा वर्ग घेतो. हीच मुले पुढे आदिवासी वस्त्यांवर जातात. आपले दान त्यांच्या हातून खर्च होते. म्हणून त्यांना पहिल्या दिवशी काय शिकवतो, ते येथे थोडक्यात देत आहे.

सांस्कृतिक मानवशास्त्र म्हणजे माणसांच्या जगण्याच्या रीतींचा अभ्यास. नातीगोती, लग्न, शेती, जेवण, देव, भांडण मिटवण्याची पद्धत, असे जे जे माणूस आपल्या समाजात राहून शिकतो, ती त्याची संस्कृती. या अर्थाने संस्कृती नसलेला समाज नाही. इरावती कर्वे यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’ हे पुस्तक मुलांनी यासाठी जरूर वाचावे.

१. राहून पाहणे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हे अभ्यासक ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले. या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात. आपल्याकडचे उदाहरण व्हेरिअर एल्विन यांचे. १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. १९३२ मध्ये संघातलेच शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या गावी राहायला गेले. तिथे त्यांनी दवाखाना, शाळा चालवल्या. एल्विन यांनी पुढे धर्मगुरुपद सोडले, पण आदिवासींमधले काम सोडले नाही. हिवाळे यांनी परधान समाजावर लिहिलेला ग्रंथ १९४६ मध्ये निघाला.

२. रीतीमागचे कारण शोधणे. त्याच भागातले बैगा नांगर धरत नसत. धरती ही आई, तिची छाती नांगराने कशी फाडायची, ही त्यांची श्रद्धा. झाडोरा तोडून, जाळून त्या राखेत ते बी टाकत. या शेतीला बेवर म्हणतात. इंग्रज सरकारने जंगल राखण्यासाठी बेवरवर बंदी घातली आणि १८९० मध्ये ती एका ठराविक भागापुरतीच ठेवली. या बंदीने पोटाबरोबर त्यांचे मनही कसे मोडले, हे एल्विन यांनी १९३९ च्या ग्रंथात दाखवले.

३. त्यांचा हिशेब समजून घेणे. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात. एकाच गटात सोयरीक होत नाही. हे ठाऊक नसलेल्याला गावातली निम्मी नाती कळणार नाहीत. गेल्या शिबिरात एका भिल्ल वस्तीवर आमच्या विद्यार्थ्याने एका घरापुढे ‘एक कुटुंब’ असे लिहिले. आजी म्हणाली, “लेकरा, छप्पर एक हाय, पण चुली तीन हायेत.” जनगणनेतही कुटुंब मोजतात ते एकत्र स्वयंपाकावरून. आजीचे न ऐकता यादी केली असती, तर तीन चुलींना एकाच घराचे धान्य गेले असते.

मुले विचारतात, “सर, मग सगळ्याच रीती चांगल्या म्हणायच्या का?” नाही. बालविवाह किंवा एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारणे आपण मान्य करणार नाही. पण वस्तीत कोणाचा शब्द चालतो, भीती कशाची आहे, त्या बाईच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे, हे समजल्याशिवाय तिला वाचवताही येत नाही.

तरुण संघाच्या बैठकीत चर्चेसाठी :
१. आपल्या घरातल्या कोणत्या रीतीचे कारण परक्याला सांगावे लागेल?
२. मागच्या वर्षी आपण वस्तीला जे दिले, ते मागितले कोणी होते?
३. पुढच्या भेटीत बोलण्याआधी आपण काय काय पाहणार?