रेडिओवर हात दिसत नाहीत

मनोरी, ३ फेब्रुवारी

चि. बाय,


सुक्या मासळीबद्दल बोलायला तुला आकाशवाणीवर बोलावलंय, हे वहिनीकडून कळलं. ऊर भरून आला.

मी पहिल्यांदा रेडिओवर बोलले तेव्हा बोंबील कसे वाळवतात, हे विचारलं होतं. मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून म्हणाले, "असे टांगतो." घरी आईनं विचारलं, "असे म्हणजे कसे गं?" रेडिओवर हात दिसत नाहीत, बाय. तू म्हण, "दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे." बोंबील कधीच न पाहिलेल्यालाही तो दिसेल. 'वलांडी' हा आपला शब्द सोडू नकोस. वाळवणीसाठी उभारलेला बांबूंचा सांगाडा, एवढं सांग नि पुढे जा.

आधी फोन करून विचार: कार्यक्रम थेट की ध्वनिमुद्रित, मिनिटं किती, पहिला प्रश्न कोणता. दहा मिनिटांत तीनच मुद्दे मावतात. ते एकेका शब्दात चिठ्ठीवर लिही. उत्तरं पाठ करू नकोस, कानाला लगेच कळतं. तुझ्या आईला पाठमोरी बसवून सांगून बघ. तिला समजलं, तर सगळ्यांना समजेल.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या मनोरीतल्या प्रकल्पाबद्दल विचारतील. "दिवसाला २० कोटी लिटर" ऐकून डोळ्यांपुढे काही येत नाही. "मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्याचा साधारण विसावा हिस्सा" म्हण. ठाऊक नसेल ते "मला माहीत नाही" असं सरळ सांग. पण जून-जुलैत ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवरच घर चालतं, हे सांगितल्याशिवाय उठू नकोस.

मार्व्याला जायला एक बोट आधीची धर. धापा टाकत पोचलीस तर त्याही माईकमध्ये ऐकू येतात. बांगड्या काढून ठेव. माईकपासून वीतभर लांब, तोंड किंचित तिरकं ठेवून बस, म्हणजे 'प' नि 'भ'चे फटके बसणार नाहीत. प्रश्न पुरता ऐक, श्वास घे, मग बोल. नुसती मान हलवू नकोस, तोंडानं "हो" म्हण.

चर्चगेटच्या आकाशवाणीत तू बोलशील, पण आवाज सुटेल तो खाडीपलीकडच्या, मालाडच्या मनोऱ्यांवरून. आम्ही सगळ्या वलांडीपाशी रेडिओ लावून बसू.

तुझी,
आत्या